शकुंतलाबाईंना विचारून

माझ्या आईचं नाव कानावर आलं तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. खोलीतल्या सगळ्यांचेच मिटलेले होते.

श्रीरामपुरात करुणाबाई पारध्यांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही सतरंजीवर गोल करून बसलो होतो. बुधवारची घरसभा. गीत झालं, वचन झालं आणि नेहमीप्रमाणे साखळी प्रार्थना सुरू झाली. साखळी म्हणजे एकानं प्रार्थना करायची, ती संपली की शेजारच्यानं तीच पुढं न्यायची, आणि अशी ती फिरत पुन्हा पहिल्याकडं यायची. मध्ये कुणी डोळे उघडायचे नाहीत, कुणी उठायचं नाही, मग आत दूध उतू का जाईना.

सुरुवात लीलाताईंची असायची. लीलाताई चक्रनारायण आमच्या गटाच्या पुढारी. निवृत्त शिक्षिका, नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही. शेजारणीशी कुंपणावरून गप्पा माराव्यात तशी त्यांची प्रार्थना चालायची. त्या दिवशी विषय माझा होता. करुणाबाईंच्या सुहासशी माझं लग्न ठरलं होतं आणि ईस्टर झाल्यावर साखरपुडा व्हायचा होता.

"प्रभू, या दोन घरांना जवळ आण," लीलाताई म्हणत होत्या. "सुहासला समज दे. माझ्या सरूला धीर दे. आणि तिच्या आईला विसरू नकोस, बाबा. शकुंतला तिकडं पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात एकटी बसलीय. पोटच्या लेकीचं लग्न, आणि तिला पत्ता नाही. तिला बरी कर. लग्नाला तिला आमच्यात आणून बसव."

श्रीरामपुरात माझी आई मेलेली होती. आम्ही जालन्याहून इथं आलो तेव्हा पपांनी चर्चमध्ये तसंच सांगितलं होतं. बायको काविळीनं गेली, पदरात एक मुलगी आहे. लोकांनी हळहळ केली आणि महिनाभर आमच्याकडं डबे पाठवले. तेव्हा मी बारा वर्षांची होते. शाळेत मीही तेच सांगितलं आणि सांगता सांगता ते अंगवळणी पडलं. कधीकधी मलाच ते खरं वाटायचं.

साखळी पुढं सरकली. लीलाताईंच्या शेजारी पोस्टातले भांबळकाका होते. त्यांची प्रार्थना एरवी दिल्लीच्या सरकारापासून निघून नगरपालिकेच्या नळापर्यंत यायची. पण साखळीत आधीच्याचा धागा पकडायचा असतो, आणि काका नियमाचे पक्के. "होय प्रभू, आमच्या शकुंतलाबहिणीला तू स्पर्श कर," ते दणदणीत आवाजात म्हणाले. शकुंतलाबहीण कोण, हे त्यांच्या ध्यानातही आलं नसावं. त्यांच्यापुढं दवाखान्यातली रजनी नर्स. तिच्या ध्यानात आलं. ती "प्रभू" म्हणाली, थांबली, "तुझी इच्छा" म्हणाली आणि थेट आमेनवर आली.

मग करुणाबाई. त्या माझ्या उजव्या हाताला होत्या. त्यांच्या बांगड्या वाजल्या, मग थांबल्या.

आमच्या मंडळीत भांडणं होत नाहीत, प्रार्थना होतात. ज्याला जे ऐकवायचं ते देवाला सांगायचं आणि ज्यानं ऐकायचं त्यानं वर आमेन म्हणायचं.

"हे सर्वसाक्षी देवा," करुणाबाई म्हणाल्या, "तुझ्यापासून काही लपत नाही. आम्हा माणसांपासून लपवता येतं. आम्ही भोळी माणसं. आम्हाला कुणी अंधारात ठेवलं असेल तर त्यांना तू क्षमा कर. आमच्यानं होईल न होईल. आमेन."

"आमेन," भांबळकाका म्हणाले.

आता माझी पाळी. ज्याला प्रार्थना करायची नसेल त्यानं शेजारच्याचा हात दाबायचा, म्हणजे साखळी पुढं जाते. मी लीलाताईंचा हात दाबला. त्यांनीही माझा हात मायेनं दाबला. पोरीचं मन भरून आलंय, असं त्यांना वाटलं असणार. आपण काय करून बसलो आहोत याचा त्या बाईला गंधही नव्हता.

नंतर चहा आणि चिवडा आला. कुणी काही विचारलं नाही. भांबळकाकांनी चिवडा खमंग झाल्याचं सांगितलं. गेल्या बुधवारपर्यंत "सरू, घे गं" म्हणणाऱ्या करुणाबाई माझ्यापुढं बशी ठेवून म्हणाल्या, "घ्या." मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

लीलाताई आणि मी एकाच वाटेनं घरी जायचो. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी कसाबसा दम धरला.

"तुम्ही सांगितलंत," मी म्हणाले.

"काय गं?"

"आईचं. तुम्ही म्हणाला होतात, शनिवारचं शनिवारीच राहील."

शनिवारी सकाळी मी एकटीच त्यांच्याकडं जायची. आमच्या गटाची ती पद्धतच होती, प्रत्येक मोठ्यानं एका लहानाला हाताशी धरायचं. त्या भाजी निवडत बसायच्या, मी अध्याय वाचायची आणि मग त्या एकच प्रश्न विचारायच्या, "या आठवड्यात कशाची लाज वाटली?" आधी स्वतः उत्तर द्यायच्या, बारीकसारीक, अगदी शेजारणीच्या भाजीला वाटीभर तेल दिलं ते खवट होतं इथपर्यंत. म्हणून मलाही बोलता यायचं. काही महिन्यांपूर्वीच्या एका शनिवारी मी सांगितलं होतं की चर्चच्या मेळाव्याला पुण्याला गेलो तेव्हा गाडी इस्पितळाच्या भिंतीजवळून गेली आणि मी चप्पल शोधायच्या निमित्तानं खाली वाकले. भिंत संपेपर्यंत वाकलेलीच राहिले. लीलाताईंनी ना सल्ला दिला, ना वचन दाखवलं. एवढंच विचारलं, "नाव काय गं त्यांचं?"

"मी कुठं कुणाला सांगितलं?" त्या आता म्हणत होत्या. "कुणाजवळ चकार शब्द काढला नाही. शपथेवर सांगते. मी फक्त प्रभूला..."

आणि त्या थांबल्या. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. मागून सायकलवाला घंटी वाजवत आला तरी हलल्या नाहीत.

"मी मोठ्यानं बोलले," त्या म्हणाल्या.

"हो."

"करुणाबाईंच्या घरात."

"हो."

त्या मोरीच्या कठड्यावर बसल्या. "डोळे मिटले की मला वाटतं मी आणि तो, दोघंच आहोत. रोज सकाळी तिचं नाव घेते ना, तोंडात बसलं होतं गं." त्यांचा चेहरा अगदी उतरला. एरवी मला त्यांची दया आली असती. त्या संध्याकाळी नाही आली. मी त्यांना तिथंच कठड्यावर सोडून घरी निघून गेले.

दुसऱ्या दिवशी करुणाबाई आमच्या घरी आल्या. पपा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, नुकतेच कामावरून आले होते. करुणाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"उजागरे, खरं काय ते मी विचारत नाही," त्या म्हणाल्या. "विचारलं की ऐकावं लागतं, आणि ऐकलं की मला पुढं जाता येणार नाही. माझी धाकटी लग्नाची आहे. उद्या लोक म्हणतील, पारध्यांनी वेडाचं रक्त घरात आणलं."

"तुमचं बरोबर आहे," पपा म्हणाले. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते.

"मुलगी गुणी आहे. सुहासला पसंत आहे. मलाही पसंत आहे, खोटं कशाला बोलू? तेव्हा एक करा. येत्या बुधवारी लीलाबाईंनी सगळ्यांपुढं सांगावं की घोटाळा झाला. दुसऱ्याच कुणा शकुंतलेसाठी प्रार्थना करायची होती, ती सरूच्या नावावर गेली. त्यांचं वय झालंय, लोक मानतील. मग कुणी काही बोललं तर मी बघून घेईन."

"झाकली मूठ सव्वा लाखाची," पपा म्हणाले.

त्या गेल्यावर पपांनी मला पुढ्यात बसवलं. "लीलाबाई तुझं ऐकतील," एवढंच म्हणाले. आईचं नाव त्यांनी तेव्हाही घेतलं नाही. पूर्वी वर्षातून एकदा ते पुण्याला जाऊन यायचे आणि आले की दोन दिवस जेवायचे नाहीत. पुढं तेही बंद झालं. बंद का झालं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

शनिवारी मी लीलाताईंकडं गेले. समोर मेथीची जुडी तशीच पडली होती. मी उभ्यानंच करुणाबाईंची अट सांगितली. त्या नाही म्हणतील, असं मी धरून चालले होते. खोटं बोलू नये हे आमच्या गटाला त्यांनीच शिकवलेलं. त्या नाही म्हणाल्या तर काय काय ऐकवायचं, ते मी वाटेत पाठ करून आले होते.

"सांगेन," त्या म्हणाल्या.

माझं पाठांतर वाया गेलं.

"लोक मला म्हातारचळ लागला म्हणतील, म्हणू देत. प्रभूला काय सांगायचं ते माझं मी बघेन. तुझं मी मोडलंय, तर जोडायचंही मीच." त्यांनी मेथीची एक काडी उचलली आणि परत ठेवली. "पण शकुंतलाबाईंना विचारून."

"म्हणजे?"

"एकदा मी त्यांच्या पाठीमागं त्यांचं नाव चारचौघांत नेलं. आता त्यांच्या पाठीमागं त्यांना मारणार नाही. त्या हो म्हणाल्या तर बुधवारी उभी राहून सांगते. चल माझ्याबरोबर."

"तिला काही कळणार नाही, ताई."

"तू शेवटची कधी भेटलीस?"

आईला नेलं त्या दिवशी रिक्षात बसवताना पाहिलं होतं, तेवढंच. तिला काही कळणार नाही हे मला कुणी सांगितलं होतं, ते आठवेना. बहुधा कुणीच नसावं.

सोमवारी सकाळच्या एस.टी.नं आम्ही पुण्याला गेलो. पपांना मी सांगितलं, लग्नाच्या साड्या बघायला जातेय. मी मनात एकच गोष्ट घोळवत होते, आईनं नुसतं हो म्हणावं. वेडाच्या भरात म्हणाली तरी चालेल. तिला बरं नाही म्हणून मला बरं वाटत होतं. असा विचार कोणतीही लेक करते का, मला माहीत नाही. मी केला.

वॉर्डाच्या बाहेर लिंबाखाली एक बाक होता, तिथं आम्हाला बसवलं. मी डोळ्यांसमोर आणली होती ती विस्कटलेल्या केसांची, नजर हरवलेली बाई. आली ती हिरव्या साडीतली, वेणी घातलेली, पदराला तांदळाचा कोंडा लागलेली. चालता चालता तो झटकत होती. माझ्यासमोर येऊन थांबली.

"सरू का गं?"

मी मान हलवली.

"उंच झालीस," ती म्हणाली. मग पदरानं बाक पुसला. आम्ही बसलेलोच होतो, तरी आमच्या मधली जागा पुसली आणि तिथं बसली. तिनं माझा हात हातात घेतला नाही. घ्यावा की नाही, हे तिला कळत नसावं. मीही पुढं केला नाही. "आत स्वयंपाकघरात असते मी. तांदूळ निवडायला. पपा बरे आहेत का?"

"बरे आहेत."

लीलाताईंनी तिच्यापुढं हात जोडले. "बाई, मी सरूच्या चर्चमधली. मी तुमची अपराधी आहे. तुमचं नाव मी चारचौघांत घेतलं."

"कुठं?"

"प्रार्थनेत."

"मग चांगलंच केलंत की."

"तुम्ही इथं आहात, असं बोलले."

आई त्यांच्याकडं बघत राहिली. मग माझ्याकडं वळली. "म्हणजे तुमच्याकडं कुणाला माहीतच नव्हतं?"

लीलाताईंनी मान खाली घातली. हे उत्तर त्या माझ्यासाठी देणार नव्हत्या.

"लोकांना काय सांगितलंय, सरू?"

"तू गेलीस, असं."

लिंबाची पिवळी पानं आईच्या मांडीवर पडत होती, ती एकेक उचलून बाजूला ठेवत होती.

"कशानं?" तिनं विचारलं.

"काविळीनं."

"कधी?"

"आम्ही श्रीरामपूरला आलो तेव्हाच."

"बरं," ती म्हणाली. "फार दिवस अंथरुणाला खिळून नव्हते ना?"

ती चेष्टा करतेय की खरंच विचारतेय, मला कळेना. तिचा चेहरा शांत होता. मी म्हणाले, "नाही. लवकर गेलीस." आणि हे बोलताना माझे कान असे तापले की वाटलं, उठून फाटकाबाहेर पळावं.

मग लीलाताईंनी सगळं सांगितलं. लग्न, करुणाबाई, बुधवार. काही झाकलं नाही, स्वतःची चूकही नाही. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही हो म्हणाल तरच मी तसं सांगेन. नाही म्हणालात तर नाही."

"मुलगा काय करतो?" आईनं विचारलं.

"बँकेत आहे," मी म्हणाले.

"पितो का?"

"नाही."

"मग सांगा की," आई लीलाताईंना म्हणाली. "इतकी वर्षं मेलेलीच आहे, तर आणखी एका बुधवारानं काय होतंय? लग्न होऊ द्या तिचं."

मला हवं होतं ते मिळालं. मला सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं याची लाज मला आजही त्या दिवसातल्या इतर सगळ्या गोष्टींपेक्षा जास्त आहे. लीलाताईंनी डोळ्यांना पदर लावला. मी मात्र परतीची गाडी किती वाजता आहे, याचा विचार करत होते.

तेवढ्यात वॉर्डातली आया चहाची किटली घेऊन आली. जाडजूड, हसऱ्या तोंडाची बाई होती.

"काय शकुंतलामावशी, आज पाहुणे? कधी नव्हे ते!" तिनं माझ्याकडं निरखून पाहिलं. "लेक का ही? नाक तर थेट तुमचंच."

"नाही गं," आई म्हणाली. "चर्चमधल्या आहेत दोघी. प्रार्थनेला आल्यात."

ती हे इतक्या पटकन बोलली की आयेला शंकाही आली नाही. आणि बोलता बोलता बाकावर माझ्यापासून वीतभर सरकली. परक्या बाईशेजारी बसताना आपण सरकतो, तशी. मघाशी जी जागा तिनं पदरानं पुसली होती, ती आमच्या दोघींत रिकामी राहिली.

खोटं बोलायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. ते बोलायचं होतं बुधवारी, तिच्या पाठीमागं, लीलाताईंनी. पण ती आपली आत्तापासूनच मरायला लागली होती.

"लेक आहे मी," मी म्हणाले.

आईनं माझ्याकडं डोळे वटारले, लहानपणी पाहुण्यांसमोर मी जास्त बोलले की वटारायची तसे. "तिचं ऐकू नको गं. मायेनं म्हणते ती."

"लेक आहे. सरोज. ही माझी आई आहे."

आयेनं किटली खाली ठेवली. तिचं हसू गेलं होतं. "मग बाई, डॉक्टरांना भेटल्याशिवाय जाऊ नका. या बऱ्या होऊन कितीतरी दिवस झाले. घरचं माणूस न्यायला येत नाही म्हणून इथं तांदूळ निवडत बसल्यात. तुम्ही होतात कुठं इतके दिवस?"

लीलाताई माझ्याकडं बघत होत्या आणि आया माझ्याकडं बघत होती. फक्त आई बघत नव्हती. ती आयेचा हात धरून घाईघाईनं सांगत होती.

"तिला बोलू नको गं. तिचं लग्न ठरलंय. तिला सवड कुठली?"

मी उठून उभी राहिले.

"डॉक्टर कुठं बसतात?" मी आयेला विचारलं.